पार्सेची चढण, दोनदा

बाबांची अट साधी होती. पाच दिवसांत एकट्याने सायकलवरून गोवा फिरून यायचं आणि पाचव्या दिवशी तिन्हीसांजेच्या आत हरमलच्या घरी पोचायचं. मध्ये कुठल्याही गाडीत बसायचं नाही. बसलो, तर पुण्याला एम.ए. करायचं नाव पुन्हा काढायचं नाही.

ही अट कुठून आली ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते थोडं आहेच.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बाबा सातवीपर्यंत शिकले, सिंधुदुर्गातून डिचोलीला आले आणि त्यांनी वीसेक वर्षं खाणीवर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर त्यांनी ट्रक विकला आणि आम्ही हरमलला राहायला आलो. तिथे त्यांच्या चार स्कूटर आहेत, त्या ते पर्यटकांना भाड्याने देतात. मी पेडण्याच्या कॉलेजातून भूगोल घेऊन बी.ए.ची शेवटची परीक्षा दिली आणि एका संध्याकाळी हळूच म्हणालो की पुढे पुण्याला शिकावं असं वाटतं.

बाबांचा विरोध शिक्षणाला नव्हता. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि त्यांचं चुकत होतं असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मला कुणाकडे काही मागता येत नाही. चहात साखर नसली तर मी तो तसाच पितो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी हजेरीपटावर माझं नाव चुकीचं पडलं होतं, तर जवळजवळ सहा महिने मी त्या चुकीच्या नावालाच 'हजर' म्हणत होतो. मग त्या नावाचा खरा मुलगा दुसऱ्या वर्गातून आला आणि सगळीच पंचाईत झाली.

"पुण्यात उपाशी मरशीत," बाबा म्हणाले, "पण कोणाकडे भाकरी मागूचंस नाय. तुका एकट्याक खय धाडू मी?"

मी म्हणालो, मी एकटा राहू शकतो. हे मी जरा जोरात म्हणालो असेन, कारण आई चुलीपासून वळून बघायला लागली. बाबांनी दारातल्या सायकलकडे बोट दाखवलं आणि अट सांगितली.

"फेरीबोट चालेल?" मी विचारलं.

बाबांनी विचार केला. "ती पाण्यावरचो रस्तो. चलात."

सायकल एका रशियन पर्यटकाची. परत जाताना तो ती आमच्या स्कूटरशेजारी ठेवून गेला होता. तो फार उंच होता, आणि सीटचा दांडा गंजून त्याच्या उंचीवरच घट्ट बसला होता. त्यामुळे मला थांबायचं असलं की पाय टेकायला आधी एखादी पायरी नाहीतर दगड शोधावा लागे. गोव्यात रस्त्याकडेला जागोजाग खुरीस, म्हणजे क्रूस, आहेत आणि त्यांना चांगले चौथरे आहेत. त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. घंटी मोडली होती म्हणून बाबांनी पाव विकणाऱ्या पोदेराकडे असतो तसा रबरी भोंपू आणून बसवला आणि बजावलं, "दर वळणार हॉर्न मार." खाणीच्या रस्त्यावर वीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय सांगणार? आईने कपडे, चादर आणि पोह्यांचा डबा एका मोठ्या गाठोड्यात भरून, धूळ लागू नये म्हणून वर निळं प्लास्टिक बांधून मागच्या कॅरियरवर पक्कं केलं.

चार दिवस बरे गेले. किनाऱ्याने काणकोणपर्यंत उतरलो, मग सांगे, धारबांदोडा करत वर वाळपईला आलो. रात्री देवळांच्या मंडपात झोपायचो. मंडपात झोपायला विचारावं लागतं, हे मला नंतर कळलं. पुजारी विचारायला येईपर्यंत मी निघालेला असायचो.

पाचव्या दिवशी वाळपईहून उजाडताना निघालो तेव्हा गुडघे आधीच तक्रार करत होते. बसायच्या जागेबद्दल मी लिहीत नाही. साखळी, डिचोली, अस्नोडा, कोलवाळचा पूल, मग धारगळवरून आत वळून पार्से, मांद्रे आणि हरमल. नकाशावर पासष्टेक किलोमीटर. भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशावर सगळंच सोपं वाटतं.

पहिल्याच गावात वळण आलं. मी भोंपू वाजवला. एका घरातून एक बाई पिशवी घेऊन बाहेर आली. पुढचं वळण, पुन्हा भोंपू, आणखी दोन बायका. तिसऱ्या वळणावर "आरे राव मरे!" अशी मागून हाक आली. मी एक दगडी गडगा शोधून त्यावर पाय टेकला, तोवर चार बायका आणि एक म्हातारेबुवा माझ्याभोवती जमले होते.

"आज इतल्या वेगीं आयलो?" पहिली बाई म्हणाली. "उंडे आसात मरे गरम?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. निळ्या प्लास्टिकखाली मोठं गाठोडं, सायकल, भोंपू, सकाळची वेळ. सगळ्या गोव्यात अशा वेळी असा एकच माणूस येतो, आणि तो पाव आणतो.

"मी पोदेर नाही," मी म्हणालो. "माफ करा."

"मागीर भोंपू कित्याक वाजयता?"

"वळण होतं म्हणून."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारेबुवा माझ्या गाठोड्याला बोट लावून म्हणाले, "पोदेराचो भोंपू घेवन भोंवता आनी पोदेर न्हय म्हणता. मग आमचो पोदेर खंय आसा?"

आता सगळ्यांचे चेहरे बदलले. मी त्यांच्या पोदेराला कुठेतरी पाडून त्याची सायकल घेऊन आलोय, असं त्यांना वाटलं असावं. मी गाठोडं सोडून दाखवायला लागलो. वरच माझी धुवायची चड्डी होती. एक बाई "शी!" म्हणून मागे सरली. तेवढ्यात खालून खरा भोंपू ऐकू आला आणि खरा पोदेर आला. मध्यम वयाचा, घामाघूम, टोपलीवर माझ्यासारखंच निळं प्लास्टिक.

त्याने आधी माझा भोंपू दाबून बघितला. "आवाज बरो आसा," तो म्हणाला. मग मला बाजूला घेऊन त्याने विनंती केली. मी पुढे वाजवत गेलो की बायका बाहेर येतात, पाव नाही बघून रागावून आत जातात आणि मग तो आला तरी बाहेर येत नाहीत. तर मी त्याच्या मागून यावं. फक्त पुढची दोन-तीन गावं.

मला घाई होती. संध्याकाळच्या आत घरी पोचायचं होतं. हे सगळं मी मनात अगदी नीट जुळवलं, आणि तोंडाने म्हणालो, "चालेल."

मग मी तासभर त्याच्या मागून घरोघरी फिरलो. तो थांबला की मी गडगा शोधायचा, तो निघाला की मी निघायचं. दुसऱ्या गावात एका आजीने त्याला विचारलं, "हो नवो शिकपी?" पोदेर म्हणाला, "ना गे, कॉलेजीत शिकता." आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "आतां पाव विकपाक लेगीत कॉलेज जाय?" मी नमस्कार केला. निरोप घेताना पोदेराने मला दोन गरम पोळ्या, म्हणजे कोंड्याचे चपटे पाव, दिल्या. त्या मी चालवता चालवता खाल्ल्या आणि वळणांवर अजिबात भोंपू वाजवला नाही.

डिचोलीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. तिथे एका टपरीवर बाबांचे जुने ट्रकवाले दोस्त बसतात, हे मला माहीत होतं, म्हणून मी पलीकडच्या कडेने मान खाली घालून चाललो होतो. पण उंच सीटवरून मान खाली घालता येत नाही.

"अरे, तो बघ! आमच्या हरमलकाराचो झिल!"

त्यांनी मला सायकलसकट उचलून बाकावर ठेवल्यासारखं केलं. समोर मिरचीच्या भज्यांची बशी आली. एकजण माझ्या गालाला हात लावून म्हणाला, "काय सुकलो रे! करडांच्या काटकीसारखो दिसता."

"आता बस झाला," दुसरा म्हणाला. "मी कोलवाळाकच चल्लंय. घाल सायकल हौद्यात. बापाशीक कोण सांगता?"

आणि हे म्हणत असतानाच तिसऱ्याने बाबांना फोन लावला होता. "पोरगो पावलो रे डिचोलीक. व्हय, सायकलीर. नाय नाय, अजून बसूक नाय खय. आमी सांगतंव बस म्हणून, पण बसना नाय." फोन माझ्या कानाला लागला.

"बाबा."

"भजी खाव नको. उनात पोटाक बाधतली."

"हो बाबा," मी म्हणालो. चार खाऊन झाली होती, कारण बशीत कुणीतरी घालत होतं.

मी ट्रकात बसलो नाही. नको म्हणून स्पष्ट सांगितलं, असं मात्र नाही. मी फक्त सायकलचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो, आणि ते ओढून ओढून कंटाळले.

अस्नोड्यापासून कोलवाळपर्यंत काय झालं ते मला फारसं आठवत नाही. डांबर मऊ झालं होतं. भजी बाधली. पुलावर समोरून वारा आला तेव्हा मला बरं वाटण्याऐवजी सायकल जागच्या जागी उभी राहिली. धारगळला बाटलीतलं पाणी संपलं. एका घराच्या अंगणात विहीर दिसली, बाहेर एक माणूस वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने मान वर केली की विचारू, असं ठरवून मी फाटकाशी थांबलो. त्याने पान उलटलं, मान वर केली नाही. मी पुढे निघालो.

पार्सेची चढण सुरू होते तिथे रस्त्याला लागून काजूची झाडं आहेत. दोन वाजून गेले असतील. एक काकी बोंडं गोळा करून बिया पिळून काढत होती. मला बघून तिने हातातली बादली खाली ठेवली.

"खंय वता रे पुता, ह्या वतान? ये, सावळेत बस."

"हरमलला," म्हणत मी एका चिऱ्यावर पाय टेकला आणि जवळजवळ पडलोच. ती म्हणाली, "नीरो पी. त्या झाडाकडे मडकी आसा, घे तुजो तू." नीरो म्हणजे काजूच्या बोंडांचा ताजा रस. गार, गोड, त्यात दारूचा अंशही नसतो. झाडाखाली दोन मडकी होती. एकावर केळीचं पान होतं, दुसऱ्यावर फडकं बांधलेलं. कुठलं, ते तिने सांगितलं नव्हतं आणि ती पुन्हा कामाला लागली होती. मी फडकं सोडलं आणि पेला बुडवला.

रस आंबट होता आणि जिभेला चावत होता. हे काही बरोबर नाही, असं मला वाटलं. तेवढ्यात काकीने लांबून विचारलं, "गोड आसा मरे?"

"हो, खूप गोड," मी म्हणालो.

"मग पी आनीक!"

मी आणखी दोन पेले प्यालो. गोड म्हटल्यावर एकच पेला पिऊन कसं चालेल? फडकं बांधलेलं मडकं म्हणजे भट्टीसाठी दोन दिवस आंबवत ठेवलेला रस. हे गोव्यात शाळकरी पोरालाही कळतं. मलाही कळत होतं, पण तिसऱ्या पेल्यानंतर कळलं. आमच्या घरात कुणी पीत नाही. पोटात सकाळच्या दोन पोळ्या आणि चार भजी होती. मी काजूच्या बुंध्याला टेकलो, झाडं हळूच एका बाजूला सरकली, आणि पुढचं मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा माझं डोकं एका काचेवर आपटत होतं. खाली इंजिन घुरघुरत होतं. समोर आरशाला लिंबू-मिरची, आणि शेजारी स्टिअरिंगवर एक जाड मिशीवाला माणूस.

"काय पावनं," तो म्हणाला, "जागं झालासा व्हय?"

बोलणं कोल्हापूरकडचं. "मी... गाडीत आहे?" मी विचारलं.

"मग काय पालखीत हाय? त्या मावशीनं आडवं पडून गाडी थांबिवली. म्हनली, पोरगं ऊन लागून पडलंय, हरमलला सोड. मी आन तिच्या मालकानं उचलून ठिवलं तुमास्नी. काय वजन न्हाई ओ अंगात. सायकल पाठीमागं चिऱ्यावर बांदलीया, काळजी नगं."

बांधकामाचे चिरे भरलेला ट्रक. हरमलला कुठेतरी खोल्या बांधत होते, तिकडे निघालेला. मी बाहेर पाहिलं. मांद्र्याचा तिठा आला होता. आणि तेव्हाच खिशातला फोन वाजला.

"खय पावलंस?" बाबा म्हणाले.

खोटं बोलता आलं असतं. पण मला खोटं पटकन सुचत नाही. सुचेपर्यंत खरं बोलून झालेलं असतं.

"ट्रकात," मी म्हणालो.

पलीकडे एका स्कूटरचा आवाज जवळ आला आणि लांब गेला. मग बाबा म्हणाले, "बरा. मग सरला," आणि फोन ठेवला.

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी झोपेचं, आंबलेल्या रसाचं, काहीतरी सांगितलं असतं. पण त्यांना वाटलं होतं तसंच झालं होतं, आणि माणूस आपलं म्हणणं खरं ठरल्यावर जसा दमून बोलतो तसे ते बोलले.

"गाडी थांबवा," मी म्हणालो. इंजिनाच्या आवाजात ते मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात ओरडलो की मीच दचकलो, आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला.

"वकारी आली काय?"

"नाही. मला परत नेऊन सोडा. जिथून उचललं तिथे."

"आवं, मानसं फुडं सोडा म्हनत्यात."

मग मी त्याला सगळं सांगितलं. अट, पाच दिवस, पुणे, एम.ए. सांगताना माझी जीभ अडखळत होती, थोडी नेहमीसारखी आणि थोडी त्या रसामुळे. त्याने आधी इंजिन चालू ठेवून ऐकलं, मग बंद करून ऐकलं.

"आता असं बगा," तो म्हणाला, "तुम्ही गाडीत बसला न्हाईसा. तुमास्नी बसिवलं. त्यात फरक हाय का न्हाई?"

"बाबांना तो फरक पटणार नाही."

"मग हितनं फुडं चालवा की सायकल. चार किलोमीटरनं काय हुतंय?"

"ते चार किलोमीटर राहतील."

"कुनाला कळतंय?"

"डिचोलीतल्या लोकांना," मी म्हणालो. ते त्याला पटलं नाही, पण मला खात्री होती.

"बरं, हितं उतरा, सायकलवरनं मागं जावा, आन परत या. झालं?"

मी सूर्याकडे पाहिलं. मागची चढण, मग पुन्हा तीच चढण, मग हरमल. माझ्या पायांत तेवढं नव्हतं आणि दिवसातही नव्हतं. तिन्हीसांज कुणासाठी थांबत नाही. "उशीर होईल," मी म्हणालो. "तुम्हीच न्यायला पाहिजे."

"भरलेली गाडी हाय, पावनं. चिरं उतरायला मानसं खोळंबल्यात तकडं."

"मला माहीत आहे. माझे बाबाही ट्रक चालवायचे. भरलेली गाडी मागे फिरवणं काय असतं ते मला माहीत आहे." मी थांबलो. एरवी मी इथे 'राहू दे' म्हणतो. "तरी न्या," मी म्हणालो.

"आरं पर..."

"तरी न्या."

त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "उतरा," तो म्हणाला. मला वाटलं, मला हाकलतोय. "उतरा आन माग बगा. गाडी वळवायची तर कुनीतरी माग बगाया नगं?"

लहानपणी खाणीवर हजार वेळा बघितलेलं काम होतं. मी ट्रकच्या मागे रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे!" दोन्ही बाजूंनी स्कूटर साचल्या. एक पर्यटक जोडपं फोटो काढायला लागलं. पेडण्याची बस हॉर्न वाजवत पुढे घुसायला लागली, तेव्हा मी तिच्यासमोर हात करून "थांब!" म्हणालो. बस थांबली. कंडक्टर बाहेर डोकं काढून मला काहीतरी वाईट म्हणाला. मी ऐकून घेतलं, पण हात खाली केला नाही. "बस्स!" ट्रक वळला. या फेरीत मी पुन्हा गाडीतच बसतोय, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. नंतर पुष्कळ सुचला.

काजूच्या झाडांपाशी काकी रस्त्यावरच आली. "अगे माजे आवय! परत हाडलो?" ती ड्रायव्हरवर धावली. "हरमलाक पावय म्हूण सांगलां आनी हांगा कित्याक घेवन आयलो? मेलो मरे तो?"

"मेला न्हाई ओ मावशी. लई बोलाय लागलाय."

मी खाली उतरून काकीसमोर उभा राहिलो. "काकी, तो रस गोड नव्हता. मी फडक्याच्या मडक्यातला प्यालो."

काकीने कपाळावर हात मारला. "मग सांगूंक जीब नाशिल्ली? थांब, आतां ताजो दितां."

"नको," मी म्हणालो. "पाणी द्या. दोन तांबे. आणि थोडं डोक्यावर."

तिने पाणी दिलं. मागितलं आणि मिळालं, इतकं साधं होतं ते. ड्रायव्हरने सायकल खाली काढली आणि मी सीटवर चढेपर्यंत ती धरून ठेवली. मग त्याने पुन्हा त्या अरुंद रस्त्यावर ट्रक वळवला. यावेळी मागे काकी बघत होती आणि तिचं 'येऊं दी' मला बराच वर जाईपर्यंत ऐकू येत होतं. थोड्या वेळाने तो मला ओलांडून गेला. खिडकीतून हात काढून काहीतरी ओरडला. बहुधा शिवी असावी, पण प्रेमाची.

चढण मी अर्धी चालवली आणि अर्धी ढकलली. ढकलण्याबद्दल अटीत काही नव्हतं. वर पोचून मला उलटी झाली. मग बरं वाटलं. मांद्र्याच्या तिठ्यावर एक स्कूटरवाला मला बघून हसला. तो मघाच्या गर्दीतला असावा.

हरमलला शिरलो तेव्हा सूर्य समुद्रावर टेकायला आला होता. आमच्या घराच्या अलीकडच्या जागेत खोल्यांचं काम चाललं होतं, आणि तिथेच तो चिऱ्यांचा ट्रक उभा होता. बोनेटशी ड्रायव्हर आणि बाबा. आई चहाचा पेला घेऊन मध्येच थांबलेली. मी ट्रकच्या चाकावर पाय टेकून उतरलो.

बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "भरलेली गाडी. मांद्र्याच्या तिठ्यार. मागे फिरवूक लावलंस?"

"हो."

"चिऱ्यांची?"

"हो, बाबा."

बाबा ड्रायव्हरकडे वळले. ते खरंच चिडले होते. "आणि तू आयकलंस कशाक? वीस वर्सा गाडी चालवलंय मी. खाणीचो मालक सांगता तरी भरलेली गाडी मागे घेवक नाय कधी."

"आवं, ह्यो सोडंना की!" ड्रायव्हर म्हणाला. "तरी न्या, तरी न्या. एकच धरलंय. मी म्हनलं, हे काय आयकायचं न्हाई."

"ह्यो?" बाबा म्हणाले. "ह्यो बोललो?"

"बोललं म्हंजे? बस अडिवली त्यानं. हात करून हुबा ऱ्हायला रस्त्यात. कंडक्टरनं शिव्या दिल्या, हलला न्हाई."

बाबांनी तेव्हा माझ्याकडे पहिल्यांदा पाहिलं. मग ते वाकून ट्रकखाली बघायला लागले. "क्लच जळाक नाय मा?" क्लचवर त्यांचं दहा मिनिटं बोलणं चाललं. मी उभाच होतो. बसण्याचा प्रश्नच नव्हता. आईने ड्रायव्हरसाठी आणलेला चहा माझ्या हातात दिला आणि त्याच्यासाठी दुसरा आणायला गेली.

"पोरगं काय करतंय?" ड्रायव्हरने विचारलं.

"बी.ए. झालो," बाबा म्हणाले. "आता पुण्याक जातलो. एम.ए.क." त्यांनी हे बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

माझ्या तोंडात चहाचा घोट होता. तो गिळून मी म्हणालो, "पण बाबा, मी गाडीत बसलो होतो. खरं तर दोनदा."

"गप रव!" आई मागून म्हणाली.

"तेचा काय ता मी बघतंय," बाबा म्हणाले. "पण ह्येका उशीर कोणामुळे झालो? चिरे उतरूक थांबलली माणसा घराक गेली. मग आता कोण उतरतलो?" त्यांनी शर्ट काढून स्कूटरवर टाकला आणि ट्रकच्या हौद्यात चढले. "उबो काय रवलंस? ये हडे."

बाबा वरून चिरे देत होते, ड्रायव्हर आणि मी खाली घेत होतो. चिरा किती जड असतो हे भूगोलाच्या पुस्तकात नाही. पाच-सहा चिऱ्यांनंतर मी चिरा पोटावर टेकवून घ्यायला लागलो, पण थांबू का, असं मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं.

"पुण्याक होस्टेल गावता," बाबांनी चिऱ्याच्या मागून विचारलं, "की खोली बघूची लागतली?"

"माहीत नाही. विचारावं लागेल."

"मग इचार," बाबा म्हणाले आणि पुढचा चिरा माझ्या हातात दिला.